सरवा वेचणाऱ्या तिघी: मिलेच्या चित्राची नक्कल करत तैलरंग शिकण्यासाठी

तैलरंगाला हात घालणाऱ्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो: काढू काय? मग फुलदाणी निघते, आजोबांचा फोटो निघतो, नाहीतर सूर्यास्त. माझं सांगणं वेगळं आहे. एखाद्या जुन्या वास्तववादी चित्रकाराचं, माणसं असलेलं एक चित्र घ्या आणि ते शेवटपर्यंत नकला. रचना, उजेडाची दिशा, रंगांचा मेळ हे सगळं त्या चित्रकाराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तुमच्याकडे उरतो फक्त रंग, आणि तो कॅनव्हासवर कसा वागतो हे समजून घेणं. सुरुवातीला तेवढं काम पुष्कळ होतं.

मी इथे जाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं १८५७ सालचं ‘द ग्लीनर्स’ हे चित्र घेतलं आहे. कापणी झालेल्या शेतात सरवा, म्हणजे मागे पडून राहिलेलं धान्य, वेचणाऱ्या तीन बाया. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, आकार साधारण ८३.५ × ११० सेंटिमीटर. मिले १८४९ मध्ये पॅरिस सोडून फॉन्तेनब्लोच्या जंगलाकडेच्या बार्बिझों या गावी राहायला गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांची चित्रं काढत राहिला. हे चित्र १८५७ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, लागलं तेव्हा काही समीक्षक अस्वस्थ झाले. गरिबांना एवढ्या भारदस्त आकारात, एवढ्या गांभीर्याने रंगवलेलं त्यांना धोक्याचं वाटलं. आपल्याकडे ज्वारी-गव्हाची काढणी झाली किंवा भुईमूग उपटून झाला की मागे राहिलेलं वेचायला बाया येतात. ते ज्याने पाहिलं आहे, त्याला हे चित्र कुणी समजावून सांगायला नको. (मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली तीही १८५७ सालीच.)

शिकणाऱ्यासाठी हेच चित्र का, याची कारणं मात्र व्यावहारिक आहेत. तिघींचे चेहरे सावलीत आहेत, म्हणजे नाक-डोळे जमले नाहीत म्हणून चित्र सोडून देण्याची वेळ येत नाही. त्यांची सगळी ओळख पाठीच्या बाकात, मानेत आणि हातांत आहे. तिघी मिळून एकच हालचाल सांगतात: वाकणं, वेचणं आणि पुन्हा सरळ होणं. मावळतीचा तिरपा उजेड पाठीवर, खांद्यांवर, मानेवर आणि हातांवर पडतो, त्यामुळे आकाराचा गोलपणा स्पष्ट दिसतो. रंगही मोजकेच, बहुतेक मातीचे. आणि मिले १८७५ मध्येच गेला, त्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नाही.

आपल्या चित्रकारांपैकी कोणाचं चित्र नकलायचं असेल, तर भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो हे लक्षात ठेवा. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, म. वि. धुरंधर १९४४ मध्ये. ती मुदत केव्हाच संपली आहे. अभ्यासासाठी घरात नक्कल करण्याला कोणी अडवत नाही, पण विकायचं किंवा प्रदर्शनात लावायचं मनात असेल तर हा हिशेब आधीच करा.

## सामान

एकदम सगळं दुकान घरी आणू नका. या चित्राला एवढं पुरतं:

- कॅनव्हास: १८ × २४ इंच, लाकडी चौकटीवर ताणलेला, प्रायमर लावलेला. पैसे वाचवायचे असतील तर कॅनव्हास बोर्डही चालेल.
- रंग: टायटेनियम व्हाइट (मोठी ट्यूब), यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियम रेड किंवा त्याच छटेचा स्वस्त लाल. विद्यार्थ्यांसाठीच्या दर्जाचे रंग सुरुवातीला पुरे.
- ब्रश: डुकराच्या केसांचे, म्हणजे हॉग हेअरचे फ्लॅट दोन (एक चांगला रुंद), फिल्बर्ट (चपटे, पण गोलसर टोकाचे) दोन, आणि सिंथेटिक केसांचा एक बारीक राउंड.
- तेल आणि पातळ करायला: कलासाहित्याच्या दुकानातलं शुद्ध जवसाचं तेल आणि डिस्टिल्ड टर्पेंटाइन. वासाचा त्रास होत असेल तर कमी वासाचं मिनरल स्पिरिट.
- बाकी: पॅलेट नाइफ, चित्रकलेचा कोळसा (चारकोल), जुन्या सुती कापडाचे तुकडे, झाकणाच्या काचेच्या दोन बरण्या, दोरा आणि त्याला बांधायला एखादं वजन.

पॅलेटसाठी तावदानाची काच घ्या. काचवाल्याकडून कडा घासून आणा आणि काचेखाली फिक्या तपकिरी रंगाचा कागद ठेवा. कॅनव्हासवर जी जमीन, म्हणजे सगळ्यात खालचा रंगाचा थर, तयार करणार आहोत तीही तशाच रंगाची असेल, त्यामुळे काचेवर मिसळलेला रंग चित्रात कसा दिसेल ते आधीच कळतं. पांढऱ्याशुभ्र पॅलेटवर प्रत्येक रंग गडद भासतो आणि मग चित्र फिकट होत जातं.

सामान घेताना तीन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल. त्यात लवकर वाळण्यासाठी इतर द्रव्यं घातलेली असतात आणि ते पिवळं पडतं. ते दारं-खिडक्यांसाठी आहे. दुसरं, स्वयंपाकघरातलं तेल. शेंगदाणा किंवा खोबरेल तेल रंगात मिसळलं तर तो रंग कधीच धड वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही. हा गुण सगळ्या तेलांत नसतो. तिसरं, चोवीस किंवा छत्तीस रंगांची पेटी. तयार जांभळा, तयार त्वचारंग, तयार पोपटी हाताशी असले की रंग मिसळायला शिकणं लांबतच जातं.

पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास यातलं बरंचसं मिळतं. लहान गावात असाल तर ऑनलाइन मागवा, पण ब्रश शक्य तर हाताळून घ्या.

## १. चित्र मिळवा आणि नीट छापून घ्या

या चित्राच्या मोठ्या आकाराच्या प्रती इंटरनेटवर मोफत मिळतात. दोन-चार प्रती शेजारी उघडल्यात तर घोटाळा दिसेल: एक पिवळट, एक निळसर, एक भडक. तुमच्या मते सगळ्यांत शांत वाटणारी एक निवडा, त्यात सावलीतला तपशील दिसतो आहे ना ते पाहा, आणि नंतर बदलू नका. अर्ध्या वाटेवर संदर्भाची प्रत बदलली की चित्रात दोन वेगवेगळ्या संध्याकाळी दिसू लागतात.

छपाई फोटो लॅबमध्ये, मॅट कागदावर करा. ‘कलर करेक्शन करू नका’ हे स्पष्ट सांगा, कारण बऱ्याच लॅबमध्ये फोटो आपोआप उजळ आणि गडद-गुलाबी करून दिला जातो. तीन प्रिंट हव्यात: संपूर्ण चित्राची रंगीत, तीच कृष्णधवल, आणि फक्त तिघींचा भाग मोठा करून.

आकाराकडे लक्ष द्या. मूळ चित्राचं उंची-रुंदीचं प्रमाण तीनास चारच्या अगदी जवळ आहे, म्हणून १८ × २४ इंचाचा कॅनव्हास त्याला बसतो. आकाशाची जेमतेम पाव इंच पट्टी कमी होते, एवढंच. प्रिंट ६ × ८ इंचाची घ्या. ए-फोर कागदाचं प्रमाण वेगळं असतं. त्यावर ‘पानभर’ छापलं तर चित्र ताणलं जातं किंवा कापलं जातं, आणि मग आकृत्या कितीही जपून काढल्या तरी प्रमाणात येत नाहीत.

मोबाइलच्या पडद्यावर बघून रंगवू नका. पडदा स्वतः उजेड देतो, रंग देत नाही, त्यामुळे त्या पांढऱ्याची बरोबरी तुमची ट्यूब करू शकत नाही. तपशील मोठा करून बघण्यापुरता तो वापरा.

## २. काम करायची जागा लावा

खिडकी उत्तरेची असेल तर उत्तम, कारण तिथून सहसा थेट ऊन येत नाही. रात्री काम करणार असाल तर पांढरा प्रकाश देणारा एलईडी लावा. पिवळ्या दिव्याखाली केलेले निळे आणि राखाडी रंग सकाळी पाहिलेत तर ओळखू येत नाहीत. प्रिंट आणि कॅनव्हास एकमेकांच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, एकाच उजेडात उभे हवेत.

आता सुरक्षिततेचं, आणि हे वगळून पुढे जाऊ नका. जवसाच्या तेलात भिजलेलं कापड गोळा करून टाकलं तर वाळताना ते आतून तापतं आणि आपोआप पेटू शकतं. ही ऐकीव भीती नाही, आगी लागल्या आहेत. कामानंतर कापडं बाहेर मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेंटाइनची बरणी काम नसताना बंद ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, घरात लहान मूल असेल तर बरणी वरच्या फळीवर. ब्रशचं टोक तोंडात धरायचं नाही, रंगलेल्या हातांनी खायचं नाही. वापरलेलं टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका; बरणी दुसऱ्या दिवसापर्यंत स्थिर राहिली की गाळ खाली बसतो आणि वरचं स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येतं.

## ३. जमीन रंगवा

पांढऱ्या कॅनव्हासवर सरळ सुरुवात करू नका. रॉ अंबर आणि थोडा यलो ऑकर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रुंद ब्रशने सगळीकडे फिरवा आणि कापडाने पुसून घ्या. वाळक्या मातीसारखा मध्यम रंग आला पाहिजे, फार गडद नको. तेल मिसळू नका. कोरड्या हवेत हा थर एक-दोन दिवसांत वाळतो.

घाई असेल तर हाच रंग अॅक्रिलिकमध्ये द्या, तासाभरात पुढे जाता येईल. अॅक्रिलिकच्या वर तैलरंग चालतो. तैलरंगाच्या वर अॅक्रिलिक कधीही नाही, ते सुटून येतं.

## ४. रेखांकन उतरवा

प्रिंटवर एक इंचाचे आणि कॅनव्हासवर तीन इंचांचे चौकोन आखा. दोन्हीकडे आडवे आठ, उभे सहा, म्हणजे अठ्ठेचाळीस होतील. कॅनव्हासवर कोळशाने हलक्या रेषा ओढा, पेन्सिलने नको, कारण तैलरंग वर्षानुवर्षं पारदर्शक होत जातो आणि खालचं ग्रॅफाइट वर दिसायला लागतं.

पहिली रेघ क्षितिजाची. या चित्रात ती वर आहे आणि त्याखाली सगळी जमीन. तिघींपैकी कोणीही आकाशात उभी राहत नाही. त्यांची शरीरं शेताच्या त्या पट्ट्यातच अडकलेली आहेत. क्षितिज अर्धा इंच जरी खाली घसरलं तरी या बाया मोकळ्या होतात आणि चित्राचा भार जातो.

मग प्रत्येकीचा बाहेरचा आकार, सरळ रेषांनी, मोठ्या तुकड्यांत. बोटं नाहीत, चुण्या नाहीत. डावीकडच्या दोघी जोडीने, जवळजवळ एकाच लयीत वाकलेल्या; उजवीकडची थोडी सुटी, अर्धवट सरळ झालेली. दोघी आणि एक यांच्यातलं अंतर नेमकं मोजा. आकृतीपेक्षा आकृत्यांमधल्या रिकाम्या जागा पाहा: हात, पाय आणि जमीन यांच्यात जो त्रिकोण किंवा फट दिसते तिचा आकार बरोबर आला की हात आपोआप जागेवर येतो.

इथे दोरा आणि वजन कामाला येतं, गवंड्याचा ओळंबा असतो तसं. प्रिंटसमोर दोरा धरून पाहा: टोपीच्या टोकाखाली सरळ रेषेत काय येतं? हात, पाऊल की मोकळी जमीन? तेच कॅनव्हासवर तपासा. शेवटी प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करून बघा. उलट्या चित्रात ‘बाई’ दिसत नाही, नुसते आकार दिसतात, आणि चूक लगेच डोळ्यांत भरते.

प्रोजेक्टर लावून किंवा ट्रेसिंग करून हा टप्पा टाळता येतो, पण टाळू नका. वाकलेल्या पाठीचा बाक हाताने शोधताना जे कळतं ते छापलेल्या रेषेवरून रेघ ओढताना कळत नाही. या एका टप्प्याला दोन-तीन बैठका लागल्या तरी लागू द्या.

रेखांकन पटलं की पातळ रॉ अंबरने बारीक ब्रशने मुख्य रेषा पक्क्या करा आणि कोळसा झटकून टाका.

## ५. एकाच रंगात उजेड-अंधार बसवा

संपूर्ण लेखातून एकच टप्पा घ्यायचा असेल तर हा घ्या. फसलेली नक्कल बहुतेक वेळा रंगामुळे फसत नाही, टोनमुळे, म्हणजे रंग किती फिका किंवा गडद आहे त्यामुळे, फसते.

आधी एका कागदाच्या तुकड्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पाच पायऱ्या रंगवा. ही पट्टी कृष्णधवल प्रिंटवर धरून ठरवा: आकाश कुठल्या पायरीवर, लांबचं उजळलेलं शेत कुठल्या, पुढची जमीन कुठल्या, सावलीतले चेहरे कुठल्या. उत्तरं प्रिंटच्या कडेला लिहून ठेवा. डोळे बारीक करून पाहिलंत तर तपशील गळून पडतो आणि चित्र तीन-चार मोठ्या पट्ट्यांत दिसतं: वर फिकं आकाश, त्याखाली उन्हात न्हालेलं शेत, मग पुढची मध्यम गडद जमीन, आणि तिच्यावर तीन गडद आकार.

आता फक्त रॉ अंबर आणि टर्पेंटाइन घेऊन हे सगळं कॅनव्हासवर मांडा. गडद जागी रंग लावा, उजेडाच्या जागी कापडाने पुसून खालची जमीन उघडी करा. पाठ आणि खांद्यांवरचा उजेड पुसूनच काढा. पांढरा रंग अजून ट्यूबमध्येच राहू दे.

मोबाइलवर कॅनव्हासचा कृष्णधवल फोटो काढून प्रिंटशेजारी ठेवा. दहा फुटांवरून दोन्ही सारखे दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. व्हॅन गॉगने सेंट-रेमीच्या रुग्णालयात असताना, १८८९-९० मध्ये, मिलेच्या चित्रांवरून वीसेक तैलचित्रं केली आणि त्याच्यासमोर होत्या कृष्णधवल छापील प्रती. रंग त्याने आपल्या मनाचे भरले, पण आकार आणि उजेड-अंधार त्याला त्या प्रतींतून मिळाले. टोन बरोबर असला की रंगाला किती मोकळीक मिळते ते त्या चित्रांत दिसतं.

हा थर पूर्ण वाळू द्या. अंबर लवकर वाळतो म्हणूनच इथे तो वापरायचा.

## ६. तेलाचा नियम समजून घ्या

तैलरंगात थरांवर थर चढवताना खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा असावा लागतो. उलट झालं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि काही वर्षांत भेगा पडतात. सोपा हिशेब असा:

- पहिला थर (अंबरचा): फक्त टर्पेंटाइन.
- दुसरा थर: दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग तेल.
- शेवटचे फटकारे: दोन्ही समान.

याच्या पुढे तेल वाढवू नका. जास्त तेलाने रंगावर साय धरते आणि सुरकुत्या पडतात. खरं तर ट्यूबमधून निघालेला रंगच पुरेसा मऊ असतो. ब्रश सरकत नसेल तेव्हाच थेंबभर मिश्रण घ्या.

## ७. रंगांचे ढीग आधी तयार करा

ब्रश हातात घेण्यापूर्वी पॅलेट नाइफने मुख्य रंगांचे ढीग मिसळून घ्या. मी सुचवतो ते प्रारंभबिंदू समजा, प्रिंटशी जुळवून बदला:

आकाश: पांढरा, थोडा ऑकर, किंचित लाल. वरच्या बाजूला काळ्याचा आणि अल्ट्रामरीनचा अगदी लहान कण.

उन्हातलं शेत: पांढरा आणि ऑकर, त्यात सिएनाचा स्पर्श.

पुढची जमीन: ऑकर, रॉ अंबर, थोडा पांढरा.

त्वचेचा उजेड: ऑकर, पांढरा, थोडा लाल. त्वचेची सावली: बर्न्ट सिएना, ऑकर आणि जरासा अल्ट्रामरीन. सावलीत काळा घातलात तर हात मळलेला दिसतो.

टोप्या: निळीसाठी अल्ट्रामरीन, पांढरा आणि तो दबवायला अंबर. लालसाठी लाल आणि सिएना. तिसऱ्या पिवळसर टोपीसाठी ऑकर, पांढरा आणि तो फिका पडू नये म्हणून सिएनाचा स्पर्श.

काळा आणि पांढरा मिसळून झालेला करडा रंग ऑकरच्या शेजारी ठेवून बघा. तो चक्क निळा दिसतो. मातीच्या रंगांवर काम करणाऱ्या जुन्या चित्रकारांनी याचा भरपूर उपयोग केला आहे. कपड्यांतल्या निळसर छटांपैकी बऱ्याच अशा करड्याने साधतात, ट्यूबमधला निळा फार थोडा लागतो. हे स्वतः करून पाहिलंत की रंग एकटा नसतो, शेजारच्या रंगावर ठरतो, हे कायमचं लक्षात राहतं.

प्रत्येक ढीग तपासायला नाइफच्या टोकावर थोडा रंग घेऊन प्रिंटवर धरा. (प्रिंटवर पारदर्शक प्लॅस्टिक लावलं की ती खराब होत नाही.) उजळ करायला दर वेळी पांढरा घालू नका. त्याने रंग खडूसारखा होतो. ऑकरने उजळता आलं तर आधी तसं करा.

## ८. मागून पुढे या

आकाशापासून सुरुवात, रुंद ब्रशने. मग क्षितिजावरचा प्रदेश: धान्याच्या गंज्या, भरलेली गाडी, कापणी करणारी गर्दी, आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूस. मुबलक पीक सगळं तिकडे, लांब आणि उजेडात. पुढच्या तिघींच्या वाट्याला खाली पडलेल्या काड्या. मिलेने हे नुसत्या टोनमधल्या फरकाने सांगितलं आहे. लांबचा सगळा भाग फिका, उजेड-अंधारातला फरक कमी, आणि कडा एकमेकांत मिसळलेल्या. घोडा सुबक काढायच्या मोहात पडलात तर तो पुढे येईल आणि अंतर नाहीसं होईल. तिथे चार-पाच फटकारे पुरतात.

सावल्या पातळ ठेवा, खालचा अंबर मधूनमधून दिसू द्या. उजेड जाड लावा.

## ९. तिघींना रंगवा

एका बैठकीत एकच बाई घ्या. आधी तिच्या सावलीचा सगळा आकार, मग उजेडाचा, आणि शेवटी दोन्हींच्या मधली छटा. ब्रशचा फटकारा शरीराच्या वळणाच्या दिशेने जाऊ द्या: पाठीवर पाठीच्या बाकाने, लुगड्यासारख्या जड घागऱ्यावर वरून खाली.

कडांकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. उजेडातला खांदा मागच्या जमिनीवर स्पष्ट कापलेला दिसतो. सावलीतली बाजू जमिनीत जवळजवळ विरून जाते. नव्या माणसाच्या चित्रात आकृती चिकटवल्यासारखी वाटते, कारण तिची कड सगळीकडून सारखीच तीक्ष्ण असते. सावलीकडची कड ओली असतानाच कोरड्या ब्रशने एकदा हलकेच ओढून घ्या. एकदाच. मऊ ब्रशने पुन्हा पुन्हा घासलं तर कापड आणि कातडी दोन्ही प्लॅस्टिकची दिसायला लागतात.

चेहऱ्यांत काही ‘काढू’ नका. सावलीचा एक रंग, त्यात किंचित उबदार दुसरा, झालं. हात मात्र जपून करा. हे श्रमाने जाड झालेले हात आहेत, नाजूक बोटं इथे खोटी वाटतील. मूठ एक ठोकळा म्हणून रंगवा, तिच्यावर उजेडाची एक बाजू ठेवा आणि मग जेमतेम दोन बोटं सुटी दाखवा. डावीकडच्या बाईचा पाठीवर घेतलेला हात बघा. ताठलेल्या कमरेला आधार द्यावा तसा तो आहे. तिच्या थकव्याची जाणीव त्या एका हातातून होते, म्हणून तो मोठ्या प्रिंटवरून वेगळ्या कागदावर आधी काढून पाहा.

## १०. पुढची जमीन आणि खुंटं

तिघी थोड्या वाळल्यावर पुढचं शेत घ्या. प्रत्येक काडी रंगवू नका. कमी रंगाचा खरखरीत ब्रश जवळजवळ आडवा धरून ओढला की खुंटांचा पोत आपोआप उमटतो. ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याच्या टोकाने काही रेघा खरवडा. मोजक्या उजळ काड्या फक्त हातांच्या आसपास ठेवा, कारण नजर तिथेच न्यायची आहे. पायांखालची सावली विसरलात तर बाया तरंगतात.

थांबायचं कधी? नवं काही दिसत नसतानाही हात चालत असेल, तेव्हा ब्रश धुवा. कॅनव्हास आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग आरशात बघा आणि फार तर पाच दुरुस्त्या करा.

## ११. वाळवणं, पावसाळा आणि वार्निश

आठवड्यातून दोनदा बसलात तर सगळं मिळून दीड-दोन महिने जातात, म्हणून वेळ नीट निवडा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात रंग फार हळू वाळतो आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. तिथे दिवाळीनंतर सुरू केलेलं बरं. देशावर आणि विदर्भात तेवढी अडचण नाही, फक्त उन्हाळ्यात धूळ सांभाळा. चित्र अंधाऱ्या कपाटात वाळवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. मोकळ्या हवेत, उजेडात, पण थेट उन्हात नाही, आणि ओल आलेल्या भिंतीला टेकवून तर मुळीच नाही.

वाळल्यावर काही जागा निस्तेज, कोरड्या दिसतील, विशेषतः अंबरच्या. घाबरू नका. रंग खराब झालेला नसतो, तेल खालच्या थराने शोषून घेतलेलं असतं. तिथे अगदी थोडं तेल बोटाने चोळून जादा पुसून घ्या. अंतिम वार्निश सहा महिने ते वर्षभर थांबून द्या. तोवर हवं तर रीटच वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या हलक्या वार्निशचा, पातळ हात. तैलचित्राला काच लावू नका.

मिलेची सही नकलू नका. मागच्या बाजूला ‘मिले (१८५७) यांच्या चित्रावरून’, तुमचं नाव आणि साल लिहा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात समोर बसून नक्कल करणाऱ्यांनाही मूळ चित्राच्या आकाराची नक्कल करू देत नाहीत, ते याचसाठी की नक्कल मूळ म्हणून खपू नये.

हे सगळं चालू असताना एकदा तरी खरं जुनं तैलचित्र जवळून पाहून या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात युरोपीय तैलचित्रं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर पाहता येतात. परदेशात असाल आणि बोस्टन जवळ असेल तर तिथल्या ललित कला संग्रहालयात मिलेचा मोठा संग्रह आहे. चित्रापासून एका बाजूला सरका आणि तिरप्या उजेडात पृष्ठभाग बघा: जाड रंग कुठे आहे, कापडाची वीण कुठे उघडी आहे, एकच फटकारा कुठवर गेला आहे. प्रिंटमध्ये हे दिसत नाही. पाचवा टप्पा संपल्यावर आणि आठवा सुरू करण्याआधी गेलात तर सगळ्यात जास्त उपयोग होईल.